घाटात गाडी तापली? रेडिएटरच्या झाकणाला हात लावण्याआधी हे वाचा

जळगाव/धुळे : मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांकडे जातो. त्यात लग्नाचं वऱ्हाड, एसी सुरू आणि समोर कन्नड घाट नाहीतर लळिंगचा चढ. बॉनेटमधून वाफ निघाली की पुष्कळ जण आधी रेडिएटरचं झाकण उघडायला जातात. तिथंच घात होतो.

इंजिनात जळणाऱ्या डिझेल-पेट्रोलचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यातून बाहेर पडते. हे पाणी वॉटर पंप फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पाणी ८०-९० अंशांवर गेलं की तो उघडतो. मग गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतं, वारा आणि पंखा ते गार करतात. घाटात इंजिनावर लोड जास्त आणि गाडीचा वेग कमी, म्हणून वारा कमी लागतो आणि काटा चढतो.

साधं पाणी १०० अंशांवर उकळतं. पण बंद झाकणामुळे आत दाब राहतो. हा दाब आणि कुलंट मिळून उकळायची हद्द १२० अंशांच्या पुढे नेतात. गरम असताना झाकण काढलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं.

काटा चढू लागला की एसी बंद करा, हीटर फुल करा. त्यानं इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते. काटा लाल रेषेला गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

"पाणीच तर टाकायचं, बोअरचं चालतं की," असं म्हणणारे गावोगावी आहेत. पण बंबात बसतो तसाच क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो आणि त्या चोंदतात. अडचणीत साधं पाणी टाकून घर गाठा, पण नंतर ते काढून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं कुलंट भरा. ट्रॅक्टरच्या जाळीत भुसा अडकतो, तोही झटकत जा.

तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड वाकतं, गॅस्केट जातं. ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय असं समजा. मग स्टार्टर मारू नका, गाडी टोचन करून गॅरेजला न्या.