जुना रेकॉर्ड प्लेअर घरघरतो तेव्हा

बिऱ्हाड हलविल्यावर रेकॉर्ड प्लेअर घरघरू लागला, की ‘झाला म्हातारा!’ म्हणून तो भंगारात काढण्याची घाई होते. आमच्या मते आधी आवाज ओळखावा. तबकडी थांबलेली असतानाही गुणगुण येत असेल, तर बहुधा अर्थिंगची तार निसटलेली असते. घरघर सुई टेकल्यावरच येत असेल, तर प्लग काढून स्क्रू पाहावेत. इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीच्या कित्येक यंत्रांत मोटरसह सारा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला असतो. प्रवासासाठी तो स्क्रूंनी जखडतात. नव्या घरी ते मोकळे केले नाहीत, तर पावलांची नि ध्वनिवर्धकाची थरथर खोक्यातून सरळ सुईपर्यंत पोहोचते. ठरावीक अंतराने धपधप येत असल्यास आतले रबरी चाक तपासावे. त्याला खळगा पडलेला असतो. तोवर आजोबांची बालगंधर्वांची तबकडी कपाटातच असू द्यावी. ती पुन्हा मिळायची नाही.