पर्यावरणाची रोजकीर्द

रोजकीर्द लिहिल्यावांचून कोणी शहाणा दुकानदार दुकान चालवीत नाहीं. परंतु पाणी किती घेतलें, त्यांतील किती घाण करून ओढ्यांत सोडलें, कोळसा किती जाळला, याचा हिशेब मोठमोठ्या संस्थाही कित्येक वर्षें ठेवीत नसत. हा हिशेब ठेवून त्याप्रमाणें वागण्याची शिस्त म्हणजेच पर्यावरण-व्यवस्थापन पद्धति होय. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें तिचे नियम 'आयएसओ १४००१' या नांवानें १९९६ सालीं प्रथम प्रसिद्ध केले.

आपल्या कामाचा हवा, पाणी व जमीन यांवर काय परिणाम होतो तें लिहून काढावें. कायद्याचीं बंधनें पाहावीं. उद्दिष्ट ठरवून तें कोणी पार पाडावयाचें हें नेमून द्यावें. आणि ठराविक काळानें तपासणी करून चालकांनीं स्वतः तिचा विचार करावा, इतकाच तिचा गाभा आहे.

पहिला लाभ पैशाचा. तो सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. टाकाऊ म्हणून जें बाहेर जातें, तें पैसे देऊनच आणलेलें असतें. हें ओळखून अमेरिकेंतील थ्री-एम कंपनीनें १९७५ सालीं, घाण निस्तरीत बसण्यापेक्षां ती मुळांतच होऊं न देण्याचा उपक्रम आरंभिला होता.

परंतु आम्हांस दुसरा लाभ अधिक मोलाचा वाटतो. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला व हजारों माणसें प्राणांस मुकलीं. त्या रात्रीं रसायन थंड राखणारी यंत्रणा बंद होती, आणि सुटलेला वायु जाळून टाकणारा मनोराही नादुरुस्त होता. उपकरणें होतीं, तीं चालू आहेत कीं नाहींत, हें पाहणारी शिस्त नव्हती. संकटाची तयारी आगाऊ करावी व ती वेळोवेळीं आजमावून पाहावी, अशी अट वरील नियमांत आहे. कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांस तिचें मोल कळेल.

मात्र धूर किती सोडावा याची मर्यादा हे नियम सांगत नाहींत. ती कायद्यानें ठरते. म्हणून प्रमाणपत्र मिळविलेले दोन कारखाने सारखेच स्वच्छ असतील, असें नाहीं.

शाळेसही ही पद्धति लागू पडते. विद्यार्थ्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर पाण्याच्या मीटरचा आंकडा टिपावा व सोमवारीं सकाळीं पुन्हा पाहावा. मधल्या सुटींत कोणीं पाणी वापरलें नसतांही तो पुढें सरकला असेल, तर कोठेंतरी नळ गळत आहे.