व्हिगर २५ आणि मलेनिया

भाच्याचा ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममधला योद्धा लेव्हल १२० वर होता. डेक्सटेरिटी ८०, हातात +२५ पर्यंत नेलेली उचिगाताना आणि व्हिगर फक्त २५. मलेनिया या बॉससमोर दोन फटक्यांत खेळ आटोपायचा. “मावशी, अजून दहा लेव्हल वाढवतो, मग बघ,” तो म्हणाला. तेही सगळे पॉइंट डेक्सटेरिटीतच जाणार होते.

हाच सगळ्यात मोठा गैरसमज: शेवटी शेवटी फक्त डॅमेज लागतं, व्हिगर नवशिक्यांसाठी असतं. आता हिशेब पाहा. व्हिगर २५ ला हेल्थ असते ८००. ४० ला ती १४५० होते, म्हणजे पंधरा पॉइंटांत ६५० ची भर, दर पॉइंटामागे त्रेचाळीसच्या वर. ६० ला १९०० होते. तिथून ९९ पर्यंत एकोणचाळीस पॉइंट ओतले, तरी हाती येतात जेमतेम २००. डेक्सटेरिटीचंही तसंच, साठीच्या पुढे प्रत्येक पॉइंटाची कमाई घटत जाते. भाचा नेमका तिथेच पॉइंट घालत होता आणि जिथे भरभरून मिळत होतं तिथे हात आखडत होता.

म्हणून मग सगळीकडे सारखे पॉइंट वाटायचे का? तेही नाही. समतोल म्हणजे समान वाटप नव्हे. स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, फेथ सगळंच तीस-तीस ठेवणाऱ्याला कुठल्याच शस्त्राचा किंवा मंत्राचा पुरा जोर मिळत नाही. त्यापेक्षा नियम वापरावेत. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. ग्रेटस्वोर्डला ३१ स्ट्रेंग्थ लागते, पण दोन्ही हातांनी पेलायला २१ पुरते. तिथे वाचलेले दहा पॉइंट व्हिगरला जातात.

लेव्हल वाढली की सगळं सुटतं, हा समज जून २०२४ मध्ये आलेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या खेळाच्या विस्ताराने पार मोडला. त्यातल्या प्रदेशात मारा आणि बचाव दोन्ही स्कॅड्युट्री ब्लेसिंगवर चालतात, आणि ब्लेसिंग वाढतं ते शोधून काढलेल्या तुकड्यांनी. एकूण तुकडे ५०, ब्लेसिंगचे टप्पे २०. भरपूर लेव्हल घेऊन आलेले पण तुकडे न शोधता थेट बॉसकडे धावलेले खेळाडू तिथे मार खात होते. तक्रारी इतक्या झाल्या, की खेळ बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरने काही दिवसांतच ब्लेसिंगच्या पहिल्या निम्म्या टप्प्यांचा लाभ वाढवला. मला तो बदल योग्य वाटला; तरी तुकडे शोधत फिरण्याला पर्याय नाहीच.

आणि एकदा चुकलेलं बिल्ड कायमचं चुकलं, असंही नाही. राया लुकारियात रेनाला या बॉसला हरवल्यावर तिच्याकडे एक लार्व्हल टिअर दिला की सगळे पॉइंट नव्याने वाटता येतात. लार्व्हल टिअर मोजकेच असतात, एवढंच ध्यानात ठेवायचं.

भाच्याने तेच केलं. डेक्सटेरिटी ६५, व्हिगर ४०. तलवारीचा आकडा थोडाच उतरला. मलेनियाचा वॉटरफाउल डान्स हा हल्ला पुरता अंगावर आला तर १४५० हेल्थही पुरत नाही, तिथे सरावच लागतो. पण तिचा साधा वार बसल्यावर तो या वेळी उभा राहिला, मागे सरकला आणि फ्लास्क प्यायला. त्या संध्याकाळी त्याने तिचा दुसरा टप्पा पहिल्यांदा पाहिला.