अठराच्या अलीकडे

जूनमधला रविवार. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यानाच्या फाटकाशी माणसं जमताहेत. रात्रीच्या पावसानं फुटपाथ अजून ओला आहे. पुण्यात प्राइडचा मोर्चा २०११पासून निघतो. आज रस्त्याच्या कडेला सहा पट्ट्यांचे झेंडे वाटले जाताहेत आणि गालांवर रंग चढतोय.

पुण्यातल्या मुली गाडीवर बसताना डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. आज बरीच पोरं, मुलगेसुद्धा, तसा स्कार्फ बांधून आलीत. ऊन नाही, आभाळ भरून आलंय. भीती आहे ती कॅमेऱ्याची, काकांच्या व्हॉट्सॲपची.

कट्ट्यावर माझ्या शेजारी असाच एकजण बसलाय. सतरा वर्षांचा. ॲडमिशनची चौकशी करायला जातो असं घरी सांगून पहाटेच्या एसटीनं आलाय. घरी सगळे त्याला मुलगी समजतात. फोनवर ओळख झालेले चौघं मित्रमैत्रिणी आज पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार आहेत. ते लांबूनच हाक मारतात, त्यानं स्वतःसाठी निवडलेल्या नावानं. ते नाव मी इथं लिहीत नाही. भर रस्त्यात, मोठ्यानं ते कधी कुणी उच्चारलेलं नसावं. ओ द्यायला त्याला क्षणभर उशीर होतो.

मग मार्कर येतो, पांढरे स्टिकर येतात. तो नाव लिहितो आणि स्टिकर रेनकोटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. चौघांतली एक मुलगी काही न बोलता तो काढते आणि बाहेर, छातीवर लावते. ओल्या रेनकोटवर कागद टिकेना. तेवढ्यात साठीच्या एक बाई पुढे होतात, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढतात आणि स्टिकर नीट टाचून देतात. "काही खाल्लंस का?" त्यांचा पहिला प्रश्न. पिशवीतून धपाट्यांचा डबा निघतो. त्यांच्या गळ्यातल्या पाटीवर लिहिलंय : 'माझा मुलगा गे आहे. मी त्याच्यासोबत चालते.'

ही पोरं घर सोडायला निघालेली नाहीत. घरात ज्या गोष्टी विचारल्या जात नाहीत, त्या विचारणारं कुणीतरी त्यांना हवंय, एवढंच. पण सतराव्या वर्षी जायचं कुठे? बऱ्याच आधारगटांत अठरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. त्यांचाही नाइलाज असतो. अल्पवयीन मुलाच्या पालकांनी तक्रार केली तर सगळं काम अडचणीत येतं. म्हणून ज्या वयात माणसाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच वर्षं रिकामी जातात. मोर्चा रस्त्यावरून जातो. इथं फॉर्म नाही, जन्मतारीख कुणी विचारत नाही.

कायद्याचं मला अधिक लागतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९मध्ये झालेल्या कायद्यानं कुटुंब म्हणजे रक्ताचं, लग्नाचं किंवा रीतसर दत्तकाचं नातं, असं ठरवलं. घरच्यांना सांभाळणं जमत नसेल तर कोर्टानं पुनर्वसन केंद्रात पाठवावं, अशी तरतूद केली. ज्या हिजडा समाजात घरानं टाकलेल्या लेकरांना गुरूंनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलं, वाढवलं, त्यांच्याच नावाच्या कायद्यात गुरू कुटुंबात बसत नाही! त्या घराण्यांत जाच नाही असं नाही, पैशाचा हिशेबही कडक असतो. तरी दार उघडं ठेवलं ते त्यांनीच. मे २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं दोन तरुणींच्या प्रकरणात म्हटलं, की लग्न हा कुटुंब उभं करण्याचा एकमेव मार्ग नव्हे, आपण निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. त्यातल्या एकीला तिच्या घरच्यांनी डांबून ठेवलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

मोर्चा हलतो. गुडलक चौकात सिग्नलवर थांबलेले लोक बघताहेत. एक रिक्षावाले काका हात हलवतात, मागच्या सीटवरच्या बाई तोंड फिरवतात. फर्ग्युसन रस्त्यावर घोषणा चढतात. आमचा सतरा वर्षांचा गडी सुरुवातीला कडेनं चालतोय. हळूहळू तो चौघांच्या मध्ये येतो. स्कार्फ हनुवटीपर्यंत उतरतो, कॅमेरा दिसला की पुन्हा वर जातो.

त्याचा फोन वाजतो. आई. तो गर्दीतून बाहेर पडतो, एका दुकानाच्या आडोशाला उभा राहून "हो, मिळाला फॉर्म" म्हणतो. परत येतो तेव्हा चेहरा पडलेला.

पाटीवाल्या बाई त्याच्यासोबत मागेच थांबल्यात.

"माझा नंबर घे. काही झालं, रात्री-अपरात्रीसुद्धा, तर आधी मला फोन कर."

तो टिपून घेतो. मी पाहतो, स्क्रीनवर नाव घातलंय : केमिस्ट्री मॅडम.

"आणि कधी वाटलं तर आईलाही दे," बाई म्हणतात. "मलाही सुरुवातीला कुणाशी बोलावं ते कळत नव्हतं."

"इतक्यात नको."

"इतक्यात नको," त्या मान्य करतात. "परतीची एसटी किती वाजता आहे?"

तो वेळ सांगतो, आणि स्वारगेटला त्याला कोण सोडणार यावरून चौघांत भांडण लागतं.