आधी हिशेब, मग माग



आपल्या विणकाम केंद्रासाठी तुम्ही जी देणगी पाठवता, तिचा मोठा भाग सुतावर खर्च होतो. सूत कमी पडले तर माग थांबतो आणि पाड्यावरून येणाऱ्या भगिनींची त्या दिवसांची मजुरी बुडते. पुन्हा आणलेल्या सुताच्या रंगाची छटा पहिल्या खेपेशी जुळेलच असे नाही. सूत जास्त घेतले तर तुमचा पैसा कपाटात अडकून राहतो. म्हणून सूत किती घ्यायचे, हे आधीच ठरवावे लागते.

60 इंच लांब व 30 इंच रुंद असे 20 सुती टॉवेल विणायचे आहेत असे धरू.

ताणा: धुतल्यावर रुंदी 30 इंच राहावी म्हणून फणीत 32 इंच धरतात. इंचाला 30 धागे, म्हणजे 960. काठ भक्कम व्हावेत म्हणून दोन्ही कडांना मिळून 40 जादा. एकूण 1,000 धागे.

20 टॉवेलांची लांबी 1,200 इंच. विणताना धागा वरखाली होतो, धुतल्यावर कापड आटते. त्यासाठी दहा टक्के, म्हणजे 120 इंच. मागाच्या दोन्ही टोकांना न विणता राहणारा ताणा सुमारे 48 इंच. बेरीज 1,368 इंच, म्हणजे 38 वार. 1,000 धागे गुणिले 38 वार, म्हणजे 38,000 वार.

बाणा: 1,320 इंच विणायचे, इंचाला 30 धागे, प्रत्येक धागा 32 इंच. त्याचे 35,200 वार होतात.

तुटणारे धागे व कांडीवर उरणारे सूत यांसाठी दोन्हींत दहा टक्के मिळवावे. ताण्याला 41,800 आणि बाण्याला 38,720 वार लागतील.

आता वजन. एका पौंडात 840 वारांच्या जितक्या लडी बसतात, तो सुती धाग्याचा नंबर. आपण 2/20 सूत वापरतो, म्हणजे 20 नंबरचे दोन पेड एकत्र पिळलेले. त्यामुळे पौंडात 20 ऐवजी 10 लडी बसतात. ताण्याला 50 आणि बाण्याला 47, अशा 97 लडी लागतील. वजन 9.7 पौंड, म्हणजे सुमारे 4.4 किलो. रंग वेगळे असतील तर लडी रंगवार मोजाव्यात. पण एका रंगाचे सगळे सूत एकाच खेपेत घ्यावे.

हेच 20 टॉवेल पाच-पाच करून चार वेळा लावले, तर टोकांचे 48 इंच चार वेळा वाया जातात. त्यात 4,000 वार, म्हणजे जवळजवळ अर्धा पौंड सूत जादा जाते. शिवाय प्रत्येक वेळी हजार धागे पुन्हा ओवावे किंवा सांधावे लागतात. ते श्रम वेगळेच.

म्हणून मंडळ्यांना विनंती आहे की, नाताळासाठी मागणी नोंदवताना नग, माप आणि रंग एकदमच व लवकर कळवा. लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाविषयी सांगतो. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आमच्या भगिनीही आता वही-पेन्सिल घेऊन बसतात आणि हा हिशेब स्वतः मांडतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.