दोनदा बिघडलेला बिटेक्स

वैनगंगेकाठच्या पवनीत माझ्या टेबलावर जो बिटेक्स-40 हा रेडिओ सेट आला, तो दोनदा बिघडलेला होता. एकदा आपसूक, दुसऱ्यांदा दुरुस्तीमुळे. शेवटच्या टप्प्याची लाल तार जोडली की फ्यूज उडायचा. ती सोडून ठेवली की ऐकायला सगळं ठणठणीत. “इन्व्हर्टरवाल्याकडून नवीन मॉस्फेट टाकून आणला भाऊ, तवापासून असंच करून राहिला,” मालक म्हणाला.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, बिटेक्स माहीत नसेल असं सहसा होत नाही. हैदराबादच्या अशर फरहान (कॉलसाइन व्हीयूटूईएसई) यांनी त्याची रचना केली आणि सर्किटच्या नकाशासकट जगासमोर मोकळी ठेवली. सुरुवातीच्या बिटेक्समध्ये कॉइल गुंडाळायला त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले होते. पुढे 2016 मध्ये तयार बोर्डाच्या रूपात बिटेक्स-40 आला. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर, 12 व्होल्टवर, सुमारे 7 वॅट देणारा. घरातला साधा एलईडी दिवासुद्धा एवढी वीज खातो.

या यंत्राची खरी हुशारी अशी की ऐकताना आणि बोलताना सिग्नल त्याच वाटेने उलटसुलट जातो. मिक्सर, क्रिस्टल फिल्टर, ऑसिलेटर दोन्हीकडे तेच. दुरुस्ती करणाऱ्याला हे वरदान आहे. ऐकू येतंय ना, मग हे सगळं शाबूत. दोष फक्त बोलण्याच्या बाजूच्या उरलेल्या भागात शोधायचा. निम्मं निदान सोल्डरिंग गन तापायच्या आत होतं.

शेवटच्या टप्प्यातल्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरवरचा नंबर भिंगाखाली वाचला: आयआरएफ 540. बोर्डाला हवा असतो 510. इन्व्हर्टरवाल्याला मी दोष देणार नाही. त्याच्या धंद्यात 540 खरोखरच दमदार. 50 हर्ट्झला त्याचं काही बिघडत नाही. पण 7 मेगाहर्ट्झला गेटची धारिता आडवी येते. 510 ची सुमारे 180 पिकोफॅरड, तर 540 ची 1,700 च्या घरात. मागच्या टप्प्याने कष्टाने दिलेला सिग्नल हे मोठं गेटच पिऊन टाकतं. म्हणजे फ्यूज टिकला असता, तरी आवाज फारसा लांब गेला नसता.

फ्यूज मात्र वेगळ्याच कारणाने जात होता. या मॉस्फेटची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर थेट पुरवठ्याचे 12 व्होल्ट. हीट सिंक आणि ती पाठ यांच्यात अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा वॉशर लागतो. दोन्ही गायब. स्क्रू आवळला की 12 व्होल्ट सरळ पेटीच्या पत्र्यात! शिवाय जास्त तापवल्यामुळे गेटचा तांब्याचा ट्रॅक बोर्डावरून उखडून वर आला होता.

आधी आवळलेलं सोडवलं. 540 चे पाय एकेक करून कापले, मग सक्शन पंपाने भोकं मोकळी केली. पाय न कापता ओढलं असतं तर उरलेले ट्रॅकही आले असते. उखडलेल्या ट्रॅकच्या जागी रेझिस्टरचा कापलेला पाय सोल्डर केला. नागपूरहून मागवलेला 510 बसवला, अभ्रक घातलं, मीटरने पाठ ते पेटी तुटक आहे ना हे पाहिलं, आणि बायसचा प्रीसेट शून्यावर नेला. हे विसरलं तर नवा मॉस्फेटही क्षणात जळतो. मग पुरवठ्याच्या तारेत मीटर घालून, माइकसमोर गप्प राहून, प्रवाह 100 मिलीअँपिअरने वाढेपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवला. अँटेनाऐवजी 1 किलोओहमचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर जोडून 50 ओहमचा खोटा भार लावला. डायोडमागे मीटरने 26 व्होल्ट दाखवले. म्हणजे 7 वॅट.

पेटी उघडलीच होती, म्हणून एक सुधारणाही केली. सुरुवातीच्या बोर्डांवरचा ॲनालॉग ऑसिलेटर तापला की वारंवारता सरकत जाते, समोरच्याला आपला आवाज कधी घोगरा तर कधी चिरका लागतो. तो बंद करून रॅड्युइनो, म्हणजे आर्डुइनो नॅनो आणि एसआय 5351 ची छोटी जोडपाटी, बसवली. वारंवारता आता पडद्यावर दिसते आणि जागची हलत नाही.

चाळीस मीटरचा हा पट्टा महाराष्ट्राला नवा नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी लोकांची प्रक्षेपण यंत्रं जमा करायला लावली. तरी 1942 मध्ये नरिमन प्रिंटर या हॅमच्या हातच्या यंत्रावर उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. केंद्राची तरंगलांबी 42.34 मीटर होती. 300 ला तिने भागा, 7.085 मेगाहर्ट्झ येतात. आजच्या हॅम पट्ट्याच्या ऐन मध्याजवळ.

पवनीला हे यंत्र शोभेपुरतं नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यात काय केलं ते इथल्यांना सांगावं लागत नाही. मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारा हा सेट आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार एवढ्यावर दिवसा शे-दोनशे किलोमीटरवर बोलता येतं, मध्ये कुठलाही टॉवर लागत नाही.

तुमच्याकडे असा अर्धवट खोललेला सेट पडला असेल तर भंगारात देऊ नका. ऐकायला परवाना लागत नसेल असं गृहीत धरू नका, आणि बोलण्यापूर्वी तर दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्याच. अभ्रकाची चकती नागपूरच्या बाजारात किरकोळ पैशांत मिळते.