नळी कुणाला द्यायची?

आजीची, म्हणजे आईच्या आईची, धाकटी बहीण इंदूरला दिली आणि पुढे संबंध तुटला. वंशावळीत दोघींचंही नाव नाही. तिथे नुसते पुरुष! आता इंदूरचं एक घर म्हणतंय, आम्ही तिचेच. डीएनए तपासू या, पण कुणाचा?

तिथला नातू हौशी आहे. पण त्याची आई आमच्या आजोबांच्या भावाची नात. नात्यातच सोयरीक करायची आपली रीत! दोन्हीकडून रक्त आलं की आकडा फुगतो. म्हणून तिची लेक आणि माझी आई. सख्ख्या मावसबहिणींचा साधारण १२.५ टक्के डीएनए जुळतो. त्यांच्या नातवंडांचा १ टक्कासुद्धा नाही, कधी तर काहीच नाही.

आई ७८ वर्षांची. नळीत थुंकता थुंकता म्हणाली, "अगं, तिच्याकडे माझ्या आईचा एखादा फोटो असेल का?"